आधी एक ट्रक विका, मग कंपनी काढा: गावांनी मिळून शेतकरी कंपनी कशी उभी करायची

मराठवाड्यात वाढलेल्या माणसाच्या कानावर 'अनुशेष', म्हणजे विकासात मागं राहिलेली तूट, हा शब्द लहानपणापासून पडत असतो. १९८४ साली दांडेकर समितीनं तो मोजला, १९९४ ला वैधानिक विकास मंडळं आली, २०१३ ला केळकर समितीचा अहवाल आला आणि एप्रिल २०२० मध्ये त्या मंडळांची मुदतही संपली. सिंचन, रस्ते, वीज ही कामं सरकारचीच आहेत, ती मागत राहायलाच पाहिजेत. पण दरवर्षी दिवाळीच्या तोंडावर आपल्या गावातून जे सोयाबीनचे ट्रक भरून जातात त्यातला किती पैसा गावात राहतो, हा हिशोब आपला आपणच करायचा असतो, आणि तो एकट्या शेतकऱ्याला जमत नाही, एकट्या गावालाही जमत नाही.

मी लातूर जिल्ह्यातल्या नऊ गावांच्या एका शेतकरी उत्पादक कंपनीत, म्हणजे शेतकरीच सभासद आणि मालक असलेल्या कंपनीत, काम करतो. फोनवर सारखे तेच प्रश्न येतात की कंपनी काढायचीय, काय काय करावं लागतं, खर्च किती, अनुदान किती. म्हणून म्हटलं एकदा सगळं सविस्तर लिहून टाकू. आमच्याकडं सोयाबीन, तूर, हरभरा, त्यामुळं उदाहरणं त्याचीच आहेत. तुमच्याकडं काजू असेल, हळद असेल, तर आकडे बदला, पायऱ्या जवळपास ह्याच राहतात.

सुरुवात सीएकडं जाऊन करू नका

बहुतेक जण इथंच चुकतात. दहा माणसं जमली, एकानं सांगितलं की अनुदान आहे, लगेच तालुक्याला सीए गाठला, दोन महिन्यांत कंपनी रजिस्टर, गावात बोर्ड लागला, फोटो झाले आणि पुढं काहीच नाही. कागदावर असलेल्या पण एक क्विंटल माल न विकलेल्या अशा कंपन्या आमच्या तालुक्यातच हाताच्या बोटांवर मावत नाहीत.

माझा सल्ला असाय की पहिला हंगाम कंपनीशिवाय काढा. पंधरा-वीस शेतकरी धरा, शक्यतो दोन-तीन गावांतले, आणि एकच ट्रक भरून विका. ज्या सोयाबीन तेलाच्या प्लांटकडं किंवा डाळ मिलकडं शेतकऱ्यांकडून थेट खरेदीचा परवाना आहे त्यांच्याशी आधी बोलून घ्या. म्हणजे मॉइश्चर किती चालतं, माती-कचऱ्याची कटती म्हणजे वजावट किती, दागी म्हणजे डागाळलेला माल किती चालतो, पैसे किती दिवसात. हे सगळं कागदावर लिहून घ्या, तोंडी नको. सोयाबीनला हमीभाव खरेदीचं माप १२ टक्के ओलाव्याचं असतं, प्लांटही साधारण त्याच्याच आसपास धरून चालतात.

मग माल एका ठिकाणी गोळा करा, प्रत्येकाचं वजन त्याच्यासमोर, प्रत्येकाची पट्टी, म्हणजे हिशोबाची पावती, वेगळी. ह्या एका ट्रकमध्ये तुम्हाला सगळं कळतं. कोण ओला माल आणतो, कोण वेळेवर येतो, कोण भाव दहा रुपयानं पडला की पोतं परत घरी नेतो, आणि हिशोब कुणाला जमतो. पुढं संचालक कोण करायचे हे मीटिंगमध्ये कधीच ठरत नाही, ते ह्या ट्रकच्या वेळी ठरतं.

आमचा पहिला ट्रक फसला होता. आम्ही गावात मॉइश्चर मशीनवर साडेअकरा बघितलं आणि प्लांटच्या गेटवर परखी (पोत्यात खुपसून नमुना काढायची नळी) मारून बघितलं तर तेरा. आम्ही त्यांच्याशी भांडलो, आमचं मशीन बरोबरच आहे म्हणून अडून बसलो, ट्रक रात्रभर उभा राहिला आणि त्याचं वेटिंग वेगळं लागलं. नंतर कळलं की आमचं मशीन आणल्यापासून कधी तपासूनच घेतलं नव्हतं, आणि नमुना आम्ही वरवरचा घेत होतो, पोत्याच्या मधला घेतच नव्हतो. तेव्हापासून नियम केला की हंगामाआधी मशीन तपासून आणायचं, आणि प्रत्येक लॉटचे तीन नमुने पिशवीत बांधून त्यावर तारीख आणि सही घ्यायची. एक शेतकऱ्याकडं, एक आपल्याकडं, एक ट्रकसोबत. चार रुपयाच्या पिशवीनं किती भांडणं वाचलीत ते मलाच माहीत.

ट्रकचा हिशोब मांडून बघा, हातावर

हे मी प्रत्येक गावात फळ्यावर लिहून दाखवतो, आकडे समजा म्हणून धरा. ट्रक २५० क्विंटलचा, गावात ४५०० नं घेतला म्हणजे सव्वाअकरा लाख गुंतले. प्लांटनं पोहोच, म्हणजे त्यांच्या गेटवर, ४७०० दिला, म्हणजे ५० हजार फरक. ऐकायला छान वाटतं. आता क्विंटलमागं बारदाना म्हणजे पोती २०, दोन वेळची हमाली २५, भाडं ६०, चाळणी आणि घट मिळून ४५, झाले दीडशे, म्हणजे साडेसदतीस हजार गेले. उरले साडेबारा. प्लांटचे पैसे पंधरा दिवसांनी आले आणि तुम्ही १२ टक्के व्याजानं पैसे घेतले असतील तर साडेपाच हजार व्याज. राहिले सात हजार. आणि गेटवर एक टक्का मॉइश्चर जास्त निघालं तर अडीच क्विंटल कापतात, म्हणजे पावणेबारा हजार, की ट्रकच तोट्यात.

मॅनेजरचा पगार समजा २५ हजार धरला, तर नुसत्या पगारासाठी महिन्याला चार ट्रक काहीही चूक न होता जायला पाहिजेत, आणि सोयाबीनचा जोर असतोच मुळी दोन-तीन महिने. हा हिशोब बघून जे उठून जातात त्यांना जाऊ द्या, जे 'मग पैसा आहे कशात?' असं विचारतात ते तुमचे संचालक.

पैसा कशात आहे ते पुढं सांगतो, आधी कागदाचं उरकून घेऊ.

नोंदणी: हे सगळ्यात सोपं काम

२००२ च्या दुरुस्तीनं कंपनी कायद्यात उत्पादक कंपनी आली, आता ती तरतूद २०१३ च्या कायद्यात आहे. किमान १० उत्पादक व्यक्ती लागतात, संचालक किमान ५ आणि जास्तीत जास्त १५, आणि शेअर कितीही असले तरी एका सभासदाला एकच मत. शेवटची गोष्ट गावात दोनदा सांगा, कारण 'माझे शेअर जास्त म्हणजे माझं चालणार' असं समजून पैसे टाकणारा एक तरी असतोच.

कागद लागतात ते म्हणजे संचालकांचं पॅन, आधार, बँक स्टेटमेंट, शेतकरी असल्याचा पुरावा म्हणजे सातबारा किंवा दाखला, ऑफिसच्या जागेचं लाइट बिल आणि संमतीपत्र, आणि डिजिटल सह्या. पॅन आणि आधारवरचं नाव अक्षर न् अक्षर जुळतंय का ते आधी बघा, आमचे तीन आठवडे निव्वळ ह्या स्पेलिंगपायी गेले. नोंदणी झाल्यावर १८० दिवसांच्या आत व्यवसाय सुरू केल्याचं घोषणापत्र भरायचं असतं, ९० दिवसांत पहिली सर्वसाधारण सभा घ्यायची असते, आणि संचालक मंडळाची बैठक दर तीन महिन्यांत एकदा तरी झालीच पाहिजे.

आणि हे नीट वाचा. धंदा शून्य असला तरी दरवर्षी ऑडिट आणि वार्षिक फॉर्म भरावेच लागतात. उशीर झाला की प्रत्येक फॉर्मला दिवसाला १०० रुपये दंड चालू होतो, आणि सलग तीन वर्षं भरले नाहीत तर संचालक पाच वर्षांसाठी अपात्र ठरतात. कुणाच्या सांगण्यावरून सही केलेल्या साध्या शेतकऱ्यांना हे नंतर कळतं तेव्हा लई वाईट वाटतं बघा. म्हणून सीए ठरवताना नोंदणीचा खर्च विचारून थांबू नका, दरवर्षीचा खर्च विचारा.

सीईओबद्दल एक. कायद्यानं तो पूर्णवेळ पाहिजे आणि सभासद नसलेला पाहिजे, म्हणजे अध्यक्षांचा सभासद पुतण्या तिथं बसत नाही. आपल्याकडं बीएस्सी अॅग्री झालेली, स्पर्धा परीक्षा देऊन थकलेली हुशार पोरं-पोरी खूप आहेत. त्यातला एखादा घ्या, पण पगार वेळेवर द्या, तीन महिने पगार थकला की तो जातो आणि जाताना सगळा हिशोब त्याच्या लॅपटॉपमध्ये जातो.

संचालक मंडळ, गावकी आणि भावकी

खरी अवघड जागा ही आहे. नऊ गावं म्हणजे नऊ सरपंच, नऊ सोसायट्या, आणि प्रत्येक गावात किमान दोन पार्ट्या. आम्ही सुरुवातीलाच तीन गोष्टी ठरवून घेतल्या. एका गावाचे दोनपेक्षा जास्त संचालक नाहीत. एका घरातला, एका भावकीतला दुसरा नाही. आणि जो ग्रामपंचायत किंवा सोसायटीच्या निवडणुकीला उभा राहील त्यानं आधी राजीनामा द्यायचा. तिसऱ्या नियमावर एक चांगला माणूस गमावला, वाईट वाटलं, पण नियम मोडला नाही. पुढच्या निवडणुकीत अख्ख्या गावाचे दोन तट पडले, तरी दोन्हीकडचे लोक माल घेऊन आमच्याच काट्यावर येत होते.

बायका सभासद करताना अडचण येते ती सातबाऱ्याची, नाव नवऱ्याचं किंवा सासऱ्याचं असतं. लक्ष्मी मुक्ती योजनेतून बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लावता येतं, तलाठ्याकडं अर्ज करून पाठपुरावा करावा लागतो. दुसरं म्हणजे उत्पादक म्हणजे निव्वळ पीकवाला असं नाही, दूध, शेळ्या, कोंबड्या हेही त्यात बसतं. उमेदचे (राज्याचं ग्रामीण जीवनोन्नती अभियान) आणि माविमचे (महिला आर्थिक विकास महामंडळ) बचत गट गावात आधीपासून आहेत, त्यांना महिन्याच्या महिन्याला बैठक घेऊन वही लिहायची सवय आहे, जी आपल्या पुरुष मंडळींना नाही. आमच्या काट्याची वही आज ज्या ताई लिहितात त्या गटातूनच आल्यात, आणि त्यांनी लिहिलेल्या वजनावर अजून कुणी वाद घातला नाही.

काटा आणि पट्टी

ह्याला मी सगळ्यात जास्त वेळ देतो. शेतकरी तुमच्याकडं माल का आणेल? भाव तर आडत्यापेक्षा पन्नास रुपयेच जास्त देऊ शकता, कधी तेवढेही नाही. तो येतो वजनासाठी आणि पैशासाठी.

इलेक्ट्रॉनिक काटा घ्या, वैधमापन खात्याकडून पडताळणी करून शिक्का मारून घ्या, आणि काट्याचं तोंड शेतकऱ्याकडं ठेवा. हो, शब्दशः. डिस्प्ले शेतकऱ्याला दिसला पाहिजे, लिहिणाऱ्यानं वाकून बघायचं. शेजारी वीस किलोचं शिक्क्याचं वजन ठेवा, कुणालाही वाटलं तर त्यानं स्वतः ठेवून बघावं. पहिल्या वर्षी आमच्याकडं जो येई तो वजन ठेवून बघायचा, दुसऱ्या वर्षी दहातला एक, आता ते वजन दाराला टेकू म्हणून लावलेलं असतं. पट्टीवर भाव, वजन, कटती, हमाली सगळं वेगवेगळं दाखवा, 'इतर' म्हणून एक रुपयासुद्धा लावू नका.

आणि बारदाना कुणाचा, परत मिळणार का, हे आधीच सांगून ठेवा. पोत्यावरनं मी सख्खे भाऊ भांडताना पाहिलेत.

खेळतं भांडवल: गाडी इथं अडते

आडत्या रोख देतो, शिवाय जूनमध्ये बी-खताला उचल देतो, पोरीच्या लग्नाला देतो. त्याच्या विरोधात भाषणं करून काही होत नाही, शेतकऱ्याचं त्याच्याशी असलेलं नातं तीस-तीस वर्षांचं असतं. आपण पैसे किती दिवसात देऊ शकतो हे ठरवा आणि तेवढाच माल घ्या. आम्ही म्हणतो तीन दिवस, बँक खात्यावर. पैसे नसतील तर काटा बंद ठेवतो, पण चौथा दिवस होऊ देत नाही.

पैसे उभे करायचे मार्ग बघू. पहिला अर्थात भागभांडवल. हजार-दोन हजाराचे शेअर प्रत्येक सभासदाकडून घ्याच, फुकट सभासद करू नका. केंद्राच्या २०२० च्या १० हजार कंपन्यांच्या योजनेत मैदानी भागात ३०० सभासद, तीन वर्षांत १८ लाखांपर्यंत व्यवस्थापन खर्च आणि सभासदामागं २ हजारापर्यंत, एकूण १५ लाखांच्या मर्यादेत समभाग अनुदान असं होतं. पण तो १० हजारांचा आकडा फेब्रुवारी २०२५ मध्ये पूर्ण झाला, त्यामुळं नव्यानं काढणाऱ्यानं ते पैसे येणारच असं धरून बजेट करू नये.

कर्जासाठी नाबार्डची नॅबकिसान ही संस्था शेतकरी कंपन्यांना कर्ज देते, आपल्या गावच्या बँकेत साहेबाला कंपनी म्हणजे काय हे समजावण्यात जेवढा वेळ जातो तेवढ्यात तिथलं प्रपोजल होऊन जातं. एका शाखेनं आमच्याकडं सात महिने कागद मागितले आणि शेवटी संचालकांची जमीन तारण मागितली. ती देऊ नका. धंद्याच्या कर्जाला घरची जमीन अडकवली की पुढं कुणी संचालक व्हायला तयार होत नाही.

शेतकऱ्याची स्वतःची नड भागवायला पणन मंडळाची शेतमाल तारण योजना चांगली आहे. माल बाजार समितीच्या गोदामात ठेवायचा, सोयाबीन-तूर-हरभऱ्याला किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज सहा महिन्यांसाठी सहा टक्क्यानं मिळतं. दिवाळीला पैसे पाहिजेत म्हणून पडत्या भावात विकायची वेळ त्यानं टळते. मात्र ठेवलं म्हणजे भाव वाढणारच ही खात्री कुणी देऊ नये. सोयाबीनमधून तेल निघतं साधारण १८ टक्के, बाकी बहुतेक पेंड, म्हणजे आपला भाव पेंडेच्या निर्यातीवर आणि तेलाच्या आयातीवर हलतो. सप्टेंबर २०२४ मध्ये कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ आयात शुल्क शून्यावरून २० टक्के केलं, मे २०२५ मध्ये ते १० वर आणलं. डिसेंबर २०२१ मध्ये सोयाबीनचे वायदे, म्हणजे पुढच्या तारखेचे सौदे, बंद केले, आणि ती बंदी पुढं वाढतच गेली. अशा बाजारात कंपनीनं स्वतःच्या पैशानं साठा करून तेजीची वाट बघणं म्हणजे सभासदांचे पैसे जुगारात लावणं, हे माझं स्पष्ट मत.

गोदाम, क्लिनिंग-ग्रेडिंग युनिट बांधायचं असेल तर राज्याच्या स्मार्ट प्रकल्पात ६० टक्क्यांपर्यंत अनुदान आणि केंद्राच्या कृषी पायाभूत निधीत २ कोटींपर्यंतच्या कर्जावर सात वर्षं ३ टक्के व्याज सवलत, असे दोन रस्ते आहेत. अनुदान काम झाल्यावर टप्प्याटप्प्यानं येतं, तोवरचा पैसा आपला, हे विसरलं की अर्धवट शेड उभं राहतं. मशीन घेण्याआधी एक हंगाम भाड्याच्या चाळणीवर काढा, मग कळेल किती टनाची लागते.

तर पैसा आहे कशात

आमचा अनुभव सांगतो, बियाण्यात. सोयाबीनचं बी दरवर्षी जून उजाडला की टंचाईचं होतं, आणि आपल्या भागात ते पिकवणारे शेतकरी आपलेच. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचे एमएयूएस १५८, एमएयूएस ६१२, राहुरी विद्यापीठाचे फुले संगम, फुले किमया हे वाण लोक मागून नेतात. पैदासकार किंवा पायाभूत (ज्यापासून पुढचं बियाणं वाढवतात ते मूळ) बियाणं आणायचं, प्लॉटची नोंदणी बियाणे प्रमाणीकरण यंत्रणेकडं करायची, तपासणी, चाळणी, टॅग, आणि विक्रीचा परवाना कृषी खात्याकडून. कटकटीचं आहे पण धान्याच्या ट्रकमध्ये जो फरक तुम्हाला शोधावा लागतो तो इथं उघड्यावर असतो.

फक्त सोयाबीनचं बी फार नाजूक. मळणी यंत्राचे फेरे ४०० च्या आत ठेवायचे नाहीतर साल फुटते. हमालांना सांगावं लागतं की पोतं आपटायचं नाही, थप्पी सात पोत्यांच्या वर नाही. आणि उगवण आपण स्वतः बघायची. ओल्या गोणपाटावर शंभर दाणे दहा-दहाच्या ओळीत मांडायचे, गुंडाळी करून सावलीत ठेवायची, रोज पाणी शिंपडायचं, आठवड्यानं उघडून मोजायचं. ७० च्या वर चांगले कोंब असतील तर बियाणं म्हणून चालतं, नाहीतर तो लॉट धान्यात. एका वर्षी ६४ आले होते, संचालक मंडळात दोघं म्हणाले, चालतंय घ्या, टॅग लागला की झालं, आम्ही अख्खा लॉट मोंढ्यात विकला. तो तोटा आजही ताळेबंदात दिसतो. पण त्या वर्षी आमच्या एकाही शेतकऱ्याला दुबार पेरणी करावी लागली नाही.

इतरांबरोबर काम करताना

शेजारच्या तालुक्यातल्या कंपनीला स्पर्धक समजू नका. एका प्लांटला एक ट्रक दिला तर गेटवर कुणी विचारत नाही, चार कंपन्यांनी मिळून आठवड्याला दहा ट्रकचा शब्द दिला की खरेदीचे साहेब स्वतः फोन करतात. राज्य पातळीवर २०१४ पासून महाएफपीसी हा कंपन्यांचा संघ आहे, हमीभाव खरेदीची केंद्रं त्यातून बऱ्याच कंपन्यांना मिळाली. ती खरेदी घ्या, त्यातून शिकायलाही मिळतं, पण सगळा डोलारा तिच्यावर उभा करू नका, केंद्र कधी सुरू होईल आणि बारदाना कधी येईल हे आपल्या हातात नसतं.

लोक नाशिकच्या मोहाडीतल्या सह्याद्री फार्म्सचं उदाहरण देतात. विलास शिंदे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी द्राक्षात जे उभं केलं ते जाऊन बघाच. फक्त तिथलं पीक एकरी काही लाखांचं आणि निर्यातीचं, आपलं एकरी काही हजारांचं. त्यांच्याकडून शिस्त घ्यायची, इमारत नाही.

मोंढ्यातल्या आडत्यांशीही बोलत राहा. आमचा जो माल प्लांटच्या मापात बसत नाही तो आम्ही त्यांच्याकडंच विकतो, आणि त्यातले दोघं आता आमच्याकडून बियाणं नेतात.

सभासद टिकवायचे कसे

सभासद होतो आणि माल मात्र आडत्याकडं नेतो, हे सगळ्याच कंपन्यांचं दुखणं. त्याला उपाय कायद्यातच आहे, वर्षाअखेरीस नफ्यातून राखीव निधी बाजूला काढून उरलेल्यातला बोनस शेअरवर न वाटता ज्यानं जेवढा माल दिला त्या प्रमाणात वाटता येतो. आम्ही तो थेट खात्यावर टाकतो, पण त्याआधी वार्षिक सभेत मारुतीच्या मंदिरात, सभामंडपात, एकेकाचं नाव, क्विंटल आणि रक्कम मोठ्यानं वाचतो. दीड तास लागतो, कुणी उठत नाही.

पहिल्यांदा वाचलं त्या वर्षी क्विंटलमागं ५५ रुपये निघाले होते. आमच्यातले एक तात्या, पंचवीस एकरांचे धनी, त्यांनी नुसता तोंडदेखला ६ क्विंटल माल घातला होता, त्यांचे ३३० रुपये वाचले गेले आणि त्यांच्या सालगड्याच्या बायकोचे, जिनं बटईचा सगळा माल आमच्याकडं आणला होता, तिचे १०४५. तात्या काही बोलले नाहीत. यंदाच्या वहीत त्यांच्या नावापुढं १४२ क्विंटल लागलेत, आणि सुगी अजून संपायचीय.